चाकांवरचं बिऱ्हाड

मारुतीने ओम्नी बनवणं २०१९ मध्ये थांबवलं, पण आमची जुनी गाडी अजून धावते. गेल्या उन्हाळ्यात बंगळुरूहून हंपीला जाण्यासाठी यांनी तिच्यात झोपायची सोय करायचं ठरवलं. मागची सीट कायमची काढायला मात्र मी विरोध केला. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. मग सीट दुमडून वर १८ मि.मी. प्लायवूडची फळी टाकली, तिच्यावर फोमची गादी.

रात्री डासांमुळे काचा लावल्या आणि उकडतं म्हणून इंजिन सुरू ठेवून एसी लावला. तासाभरात लेकीचं डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं. मी घाबरून दारं उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं. मोकळ्या हवेत तिला बरं वाटलं.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच तो जीव घेऊ शकतो.

आता खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली आहे. रात्री काचा उघड्या, इंजिन बंद आणि स्टोव्ह गाडीबाहेर! तुम्हीही गाडीत बिऱ्हाड जरूर थाटा, पण आधी हवेला वाट ठेवा.