तार आणि प्रत्यंचा

मिरजेतल्या शिकलगारांचे पूर्वज तलवारींना धार लावत. शस्त्रांची मागणी ओसरली, तसे एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोरे घडवू लागले. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. काळ बदलला, पण हातातले कसब टिकले.

धनुष्याची गोष्ट याहून वेगळी नाही. भिल्ल, कातकरी यांच्या हाती ते पोटापाण्याचे साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले आणि ते योग्यच झाले. पण बांबूचे साधे धनुष्य ओढून नुसत्या नजरेने नेम धरण्याची विद्या का संपावी?

मिरजेच्या शेजारच्या सातारा जिल्ह्याने वाट दाखवली आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवरच्या लक्ष्यासमोर उभा राहिला. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, अवघ्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली.

आता गावोगावच्या मैदानांवर गवताच्या पेंढ्यांचे लक्ष्य उभारावे, आणि शिकवायला ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली त्यांना सन्मानाने बोलवावे. तार असो वा प्रत्यंचा, ताण नेमका लागला तरच ती बोलते.