ताळेबंद वाचणार कोण?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची एम.कॉम.च्या प्रवेशासाठी लगबग सुरू होते. कोणी सनदी लेखापालाच्या परीक्षेला जोड म्हणून येतो, कोणी प्राध्यापकीची पायरी म्हणून, तर कोणी नोकरी लागेपर्यंत दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून. या हेतूंना आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु वित्तीय लेखांकन हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवून विद्यापीठांनी समाजाच्या पदरात काय टाकावयाचे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नाही अशा ठेवीदारांचे हित त्याच्या उत्तरात गुंतलेले आहे.

दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात सांगितली. ती कीर्द-खतावणी आज संगणक क्षणार्धात उतरवितो. तेवढ्यासाठी पदव्युत्तर शिक्षण नको. संगणकाला जे जमत नाही ते म्हणजे तारतम्य. दिलेले कर्ज वसूल होईल की बुडेल, मालमत्तेचे मूल्य किती धरावे, हे ठरवावे लागते; ते बेरजेतून निघत नाही. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या भारतीय लेखा मानकांनी तर 'वाजवी मूल्या'ला आणि भावी बुडिताच्या अंदाजाला मोठेच स्थान दिले आहे. जेथे अंदाज आला तेथे विवेकाची गरज आली, आणि लबाडीला वावही आला.

तो वाव कसा वापरला जातो हे देशाने पाहिले आहे. जानेवारी २००९ मध्ये 'सत्यम'च्या अध्यक्षांनी स्वतःच कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. सुशासनाचा पुरस्कार याच कंपनीने आदल्या वर्षी मिरविला होता! पुढे २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच उद्योगसमूहाकडे होती, आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखविल्याचा आरोप झाला. त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात मात्र ही बँक नफ्यात होती.

या बँकेच्या शाखा गोव्यातही होत्या. शिवाय म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला. प्रत्येक प्रकरणाची कारणे निराळी. सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ठेव विम्याची मर्यादा २०२० मध्ये पाच लाखांवर गेल्याने पुष्कळांच्या रकमा वाचल्या, हेही खरे. तरी मुलीच्या लग्नासाठी वा म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा अडकून पडणे म्हणजे काय, हे या भूमीला आता सांगावयास नको.

आमच्या वर्गांत मात्र उदाहरणातील आकडे दिलेले असतात आणि ते खरे मानूनच गणित सोडवावयाचे असते. बाहेरच्या जगात खरा प्रश्न नेमका तेथूनच सुरू होतो. नव्वद दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते, हा नियम विद्यार्थ्याला पाठ असतो. पण जुने कर्ज फेडल्याचे दाखविण्यासाठी त्याच ऋणकोला नवे कर्ज दिले गेले असेल, तर त्याची खूण कोठे शोधावी, हे त्याला कोण शिकविणार? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीधरास एका वर्षात पदव्युत्तर शिक्षणाची मुभा दिली आहे. वेळ आखडताना हाच भाग गळू नये.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावची एखादी पतसंस्था, देवस्थान किंवा कोमुनिदाद निवडावी. तिचे लागोपाठ पाच वर्षांचे हिशेब टिपांसह वाचावेत आणि आपले निष्कर्ष सभासदांना कळतील अशा मराठीत लिहून काढावेत. आज वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि मंडळी चहाकडे वळतात. त्या गजरात उभा राहून 'ही येणे रक्कम किती वर्षांची?' एवढेच नम्रपणे विचारणारा एक तरुण जरी प्रत्येक गावी निर्माण झाला, तरी या शिक्षणावरील खर्च सव्याज वसूल झाला असे आम्ही समजू.