मय्यतीत ‘हार्ट फेल’ म्हणू नका

आमच्या गल्लीतला एक मुलगा गेला. वय बावीस, पॉवरलूमवर रात्रपाळी. घरच्यांनी मय्यतीला आलेल्यांना ‘हार्ट फेल’ सांगितलं आणि कुणी पुढे विचारलं नाही. खरं काय झालं ते काही दिवसांनी त्याच्याच दोस्ताने मला सांगितलं. गोळ्या घेतल्या होत्या, वर खोकल्याच्या औषधाची बाटली. तो ओट्यावर पडून मोठमोठ्याने घोरत होता. “झोपलाय, उतरेल सकाळपर्यंत” असं म्हणून तिघे निघून गेले. मी विचारलं, १०८ ला फोन का नाही केला? तो खाली बघत म्हणाला, “भाई, पुलिस का डर था.”

मालेगावात या गोळीला ‘कुत्ता गोली’ म्हणतात. वर्तमानपत्रांत तिच्यावर भरपूर छापून येतं. बातमीत जप्त केलेल्या गोळ्यांचा फोटो असतो आणि आपल्या मोहल्ल्याचं नाव असतं. गोळी मात्र साधी अल्प्राझोलम आहे, चिंताविकारावर डॉक्टर लिहून देतात ती. कायद्याने ती एच-१ यादीत येते. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही, आणि दुकानदाराने डॉक्टरचं व रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. हे किती पाळलं जातं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

एकट्या गोळीपेक्षा जोडी जास्त घातक असते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूच्या कुळातलं. अल्प्राझोलम आणि कोडीन दोन्ही मेंदूची श्वास चालवणारी यंत्रणा मंदावतात. दारू मिसळली तरी तेच. त्यामुळे ते घोरणं झोपेचं नव्हतं. हलवून, हाका मारून, छातीच्या हाडावर मुठीने चोळूनही माणूस जागा होत नसेल, श्वास फार हळू किंवा घरघरत चालत असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, तर तो मरणाच्या वाटेवर आहे. १०८ लावा. त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबूपाणी, ताक, मीठपाणी काहीही पाजू नका, उलटी करवू नका. श्वासच थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा; १०८ वरच्या माणसाला विचारत विचारत करा. रिकामी स्ट्रिप आणि बाटली सोबत न्या. कोडीनवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, अल्प्राझोलमवर तो चालत नाही. काय घेतलं हे लपवलंत तर डॉक्टर अंधारात राहतो.

आता पोलिसांचं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या वस्तीत ती तर नाहीच नाही. पण काही गोष्टी माहीत असू द्या. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. एनडीपीएस कायद्याचं ६४-अ कलम स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. गोळ्या जीव द्यायला घेतल्या असतील तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ त्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानतो. जो कमी आहे तोही सांगतो. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेत संरक्षण मिळालं, पण दोस्ताच्या ओव्हरडोससाठी फोन करणाऱ्याला तसं वेगळं कलम नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने ते २००७ सालीच केलं. आपल्या आमदारांकडे मागायला ही एक ठोस गोष्ट आहे. ‘नशा छोडो’ रॅलीपेक्षा ठोस.

माझ्या कामात सर्व्हर कोसळला की आम्ही दुसऱ्या दिवशी बसून सगळं लिहून काढतो. किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, मधला वेळ कुठे गेला. कुणावर ओरडायचं नाही हा नियम, कारण ओरडलं की पुढच्या वेळी माणसं लपवतात. मोहल्ल्यात आपण उलटं करतो. जुम्म्याला नशेबाजांवर आगपाखड होते, बाप मान खाली घालून घरी जातो, आणि पुढचा मुलगाही ‘हार्ट फेल’ने जातो. नशा हराम आहे हे त्या तिघांना माहीत होतं. निळे ओठ म्हणजे काय, ते माहीत नव्हतं.

आम्ही काही जणांनी एका पानाचा कागद केला, मराठी आणि उर्दूत. वर निळ्या ओठांचं चित्र, खाली १०८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. वुजूखान्याजवळ लावला. दोन दिवसांत कुणीतरी फाडला. एक चाचा समजावायला आले, “बेटा, बदनामी होगी मोहल्ले की.” त्यांच्याशी वाद घातला नाही, चहा पाजला. आता तो कागद सात रिक्षांत ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवलाय. त्यातली एक रिक्षा चाचांच्याच पुतण्याची आहे.