नांवाची राखण

प्रतिस्पर्धी पुढें सरसावूं लागला म्हणजे, "आपल्या लॉरेलकडे लक्ष असूं द्या," अशा अर्थाचें बोलणें इंग्रजी भाषेंत रूढ आहे. लॉरेल हें एक सदाहरित झाड. प्राचीन ग्रीस देशांत डेल्फी येथील खेळांत जो जिंके त्याच्या मस्तकावर या झाडाच्या पानांचा मुकुट ठेवीत. पुढें रोमन लोकांनीं आपल्या विजयी सेनापतींस तोच मान दिला. मिळालेल्या मुकुटावर दुसऱ्याचा डोळा आहे, सावध राहा, इतकाच त्या बोलण्याचा इशारा.

असा मुकुट पाहावयास आपणांस ग्रीस देशीं जावयास नको. कोंकणचा हापूस हा तोच आहे. पोर्तुगीज अमदानींत गोमंतकांत आंब्याचीं कलमें बांधूं लागले, आफोन्सो या नांवाचा लोकांच्या जिभेवर हापूस झाला, आणि कोंकणच्या कातळानें व खाऱ्या वाऱ्यानें त्यास असा स्वाद दिला कीं, इतर आंबे केवळ आंबे राहिले. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांतील हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आतां काळजी मिटली असें पुष्कळांस वाटलें.

प्रतिस्पर्धी तर आहेतच. गीरच्या केसरानें २०११ सालींच मानांकन मिळविलें. कोंकणांतून नेलेल्या कलमांवर आफ्रिकेंतील मलावी देशांत धरलेला आंबा, आपल्या झाडांस धड मोहोरही आला नसतां, नोव्हेंबर-डिसेंबरांत वाशीच्या बाजारांत उतरतो. हे लोक आपल्या कष्टाचें फळ आपल्या गांवाच्या नांवानें विकतील तोंवर त्यांच्याशीं आपलें भांडण असण्याचें कारण नाहीं. गाऱ्हाणें आहे तें कर्नाटकांतील आंबा देवगडच्या अगर रत्नागिरीच्या पेटींत भरून विकला जातो त्याचें, आणि तें रास्त आहे. परंतु मी विचारतों कीं, ती पेटी व्यापाऱ्याच्या हातीं येते कोठून? कांहीं पेट्या बाजारांत छापल्या जात असतील. पण आपल्या बागेचें नांव चार पैशांस उसनें देणारे आपल्यांतही आहेत. चोर आणि वानर यांच्या भयानें आपण बागेंत गुरखा ठेवतों. नांवाला मात्र राखणदार नाहीं.

नांव घालविण्यास परकाच लागतो असेंही नाहीं. २०१३ सालीं आपल्या देशाच्या मालांत फळमाशी सांपडली, म्हणून युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून आंब्याची आयात बंद केली. ऐन हंगामांत दार लागलें, तें उघडण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. तीच गोष्ट काढणीची. फळ चौदा आणे तयार झाल्यावर, डेंखासह, झेल्यानें उतरावें हें आपल्या आज्याला ठाऊक होतें. दापोलीच्या विद्यापीठानें त्यासाठीं नूतन झेला करून दिला. तरी मार्च महिन्याचा चढा भाव पाहून दहा आणे आंबा उतरवितात, आणि कायद्यानें बंदी असलेल्या कार्बाइडच्या पुडीनें त्यास पिंवळा रंग आणतात. मुंबईचें गिऱ्हाईक तो आंबट आंबा एकदां खातें व पुढल्या वर्षीं केसर घेतें. त्यांत केसराच्या बागायतदाराचा काय अपराध?

देवगड तालुक्यांतील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याचें काम हातीं घेतलें, व बागायतदाराच्या कलमांच्या संख्येच्या प्रमाणांत ते स्टिकर देण्याचें ठरविलें. उपाय उत्तम आहे. तथापि महसुलाच्या दप्तरांत ज्याचीं वर्षें गेलीं त्याच्या मनांत येथें शंका आल्यावांचून राहत नाहीं. स्टिकर खरा कीं खोटा हें गिऱ्हाइकास तपासतां येईल. कलमांचा आंकडा खरा कीं खोटा हें कोण तपासणार? बागेंत कलमें दोनशें असून कागदावर तीनशें लागलीं, तर शंभर कलमांचे स्टिकर शिल्लक उरले. ते कोणाच्या आंब्यावर चिकटतील हें सांगावयास ज्योतिषी नको. त्यांतून २०२१ पासून पीकपाहणीची नोंद खातेदारानें स्वतःच मोबाईलवर करावयाची आहे. सवलत चांगली, पण पूर्वीं तलाठ्यावर ढकलतां येणारा दोष आतां आपल्याच माथीं येतो.

म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या संघानें असे स्टिकर देण्यापूर्वीं, पाऊस सरल्यावर व मोहोर फुटण्याआधीं, गांवोगांव कलमांची मोजणी करावी, आणि सातबाराचें चावडीवाचन होतें त्याचप्रमाणें खातेदारवार आंकडे ग्रामसभेंत वाचून दाखवावे. शेजाऱ्याच्या बागेंत किती कलमें आहेत हें शेजाऱ्यास जितकें ठाऊक, तितकें कोणत्याही यंत्रास असणार नाहीं. उणीं झालेलीं, वठलेलीं झाडें दरवर्षीं वजा करावीं. ज्याचा आंकडा फुगलेला आढळेल त्यास त्या हंगामापुरते स्टिकर देऊं नयेत, मग तो संघाचा पदाधिकारी कां असेना.

यावर कांहीं सभासद म्हणतील कीं, आपल्या बागेचा हिशेब चारचौघांत कां उघडा करावा? त्यांस इतकेंच सांगणें आहे कीं, आपला सातबारा आजही कोणीही काढून पाहूं शकतो. आणि फळाची पेटी तर उघड्या बाजारांतच जावयाची आहे.