कापडाचा हिशेब आणि पैशाचा हिशेब

सोलापूरच्या भवानी पेठेत आणि तिच्या भोवती पसरलेल्या पूर्व भागात, हिशेब येत नाही असा यंत्रमागधारक शोधूनही सापडावयाचा नाही. अमुक किलो सुतात टॉवेल किती डझन उतरतील, कोणता माग दिवसाकाठी किती माल देईल, विणताना घट किती येईल, या प्रश्नांची उत्तरे तो कागद-पेन्सिलीवाचून देतो. तेलंगणातून येथे येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली ही विद्या आहे आणि तिच्या बळावरच सोलापुरी चादरीचे नाव देशभर झाले. असे असूनही मालाला मागणी असताना, माग रात्रंदिवस चालू असताना कारखाना कर्जात रुततो, आणि तो का रुतला हे मालकालाच नीट सांगता येत नाही, असे का घडावे? कापडाचा हिशेब आणि पैशाचा हिशेब या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हेच त्याचे उत्तर आहे. पहिली येथे घरोघर नांदते; दुसरी मात्र वर्षातून एकदा कर सल्लागाराच्या कचेरीतून इंग्रजी ताळेबंदाच्या रूपाने येते, सही होऊन फायलीत जाते आणि पुढील वर्षापर्यंत तेथेच विसावते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्याची वार्षिक विक्री १ कोटी रुपयांची आहे आणि सूत, मजुरी, वीज वजा जाता मालकाच्या मते त्याला ६ लाख रुपये सुटतात. माल विकल्यावर पैसे ४५ दिवसांत यावयाचे, ते १२० दिवसांनी येतात. म्हणजे ७५ दिवसांची विक्री, सुमारे साडेवीस लाख रुपये, कायमची बाजारात अडकलेली असते. ही रक्कम १२ टक्के व्याजाने उभी केली, तर वर्षाला जवळजवळ अडीच लाख रुपये त्यातच जातात. मागांची किंमत ३० लाख आणि आयुष्य दहा वर्षे धरल्यास घसारा ३ लाखांचा होतो. हे दोन आकडे वजा केल्यावर सहा लाखांतून उरतात जेमतेम पन्नास हजार. बिले लिहिणाऱ्या मुलाचा पगार आणि कारखान्यासाठी दिलेल्या घरच्या जागेचे भाडे यांपैकी काहीच खर्चात धरलेले नाही. ते धरले की नफा नाहीसा होऊन तोटा दिसू लागतो. हा मालक लबाड नाही की आळशीही नाही. हाती खेळणारा पैसा आणि नफा यांतील भेद त्याला कोणी समजावून दिलेला नाही, एवढेच. माग झिजत असतो आणि ती झीज नफा म्हणून घरखर्चात जात असते. दहा वर्षांनी नवा माग घेण्याची वेळ आली की घर तारण पडते.

उधारीच्या या दुखण्यावर कायद्याने उपाय दिलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते, आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. २०२३ साली आयकराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येणार नाही, असेही ठरले. तिच्याविरुद्ध २०२४ च्या आरंभी ठिकठिकाणच्या कापडबाजारांतून जी ओरड झाली, तीवरूनच उधारीची मुळे किती खोल गेली आहेत हे दिसून आले. एकट्यादुकट्या मागधारकाने कायद्यावर बोट ठेवले, तर व्यापारी दुसऱ्या दारी जाईल, ही भीती अनाठायी नाही. पण उधारीची किंमत किती, हे आकड्यांत मांडता येणारा मालक निदान भाव ठरविताना ती धरू शकतो. जो ते जाणत नाही, तो रोखीचा आणि चार महिन्यांच्या उधारीचा भाव एकच सांगतो, आणि वर वस्तू व सेवा कर मात्र पैसे हाती येण्यापूर्वीच भरून मोकळा होतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सुताचे भाव लहरी, विजेचे दर चढे, आणि सोलापुरी नावाने परप्रांतात निघणारा स्वस्त माल गळ्याशी आलेला; अशा वेळी ताळेबंद वाचावयास शिकून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. जमाखर्चाच्या ज्ञानाने विजेचे बिल एका पैशानेही कमी होत नाही, आणि धोरणांचे अपयश कारखानदाराच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. परंतु वारा आपल्या हाती नसतो म्हणूनच सुकाणू धरता यावे लागते. सूत महागले असता कोणती ऑर्डर स्वीकारावी आणि कोणती नम्रपणे नाकारावी, हा निर्णय मालकालाच घ्यावा लागतो, आणि एका डझनाचा खरा उत्पादनखर्च ठाऊक असल्यावाचून तो घेता येत नाही.

मोठ्या भांडवलाला ही विद्या आपोआप येते, असेही नाही. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यासाठी केलेल्या कायद्याच्या प्रास्ताविकात गैरव्यवस्था आणि हेळसांड ही कारणे स्पष्ट नोंदविलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये एका भागधारकाचा अर्ज फेटाळला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या प्रकरणात तोच कायदा घटनेशी विसंगत ठरविला. कायद्याचे विद्यार्थी हे निवाडे मालमत्तेच्या हक्कासाठी अभ्यासतात. सोलापूरने ते आणखी एका कारणासाठी स्मरणात ठेवावेत: गिरणीच्या व्यवस्थेची चूक संचालकांच्या मेजावर होते, पण तिची किंमत कामगारांच्या चुली मोजतात. शहरातील मोठ्या गिरण्यांचे भोंगे पुढे एकेक करून थांबले, तेव्हाही हाच अनुभव आला.

पैशाच्या हिशेबापुढची पायरी दूरदृष्टीची. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने नक्कल थांबत नाही. नाव राखण्यासाठी दर्जाचे समान नियम, सामाईक खूण, जाहिरातीचा आणि प्रसंगी न्यायालयाचा खर्च, हे सारे एकत्र येऊन करावे लागते. त्या खर्चाकडे भांडवल म्हणून पाहण्याची दृष्टी नसेल, तर जो तो आपल्या मालाचा भाव आणखी दोन रुपयांनी उतरवितो आणि सर्वांचेच नाव स्वस्त होते. चादरीचे कितीतरी माग टॉवेलकडे वळले. त्यांतील किती जणांनी बाजाराचा विचार करून पाऊल उचलले आणि किती जणांनी शेजाऱ्याने माग घेतला म्हणून आपणही घेतला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पैसा कोठे ठेवावा हाही याच विद्येचा धडा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये होती. अशा प्रसंगी लहान ठेवीदाराला विम्याचे छत्र मिळते. पण ज्या उद्योजकाचे सारे खेळते भांडवल एकाच बँकेत असेल, त्याच्या पुढच्या आठवड्याच्या मजुरीचे काय?

ही विद्या अवघड नाही. रोजकीर्द, खतावणी, येण्या-देण्याची मुदतवार यादी आणि महिन्याअखेरचा साधा ताळेबंद एवढ्यावर लहान कारखान्याचे भागते. आज संगणक बेरजा करून देतो. प्रश्न तेवढे माणसाने विचारावे लागतात. सोलापुरात वाणिज्य शाखेची महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी माग चालतो. पुस्तकातील काल्पनिक ‘अ आणि ब’ यांच्या भागीदारीऐवजी प्राध्यापकांनी त्यांना टॉवेलच्या एका डझनाचा उत्पादनखर्च काढावयास सांगितले, तर प्रात्यक्षिक आणि उपयोग दोन्ही साधतील. बँकांतून, कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे जमाखर्च हाताळलेली निवृत्त मंडळीही पेठेत आहेत. मागधारकांच्या संघटनांनी त्यांना बोलावून, रात्रपाळी सांभाळणाऱ्या मालकांना सोयीच्या वेळी, मराठीत आणि तेलुगूत, महिन्यातून दोन वर्ग चालविले तर खर्च नगण्य येईल. त्या वर्गात घरच्या स्त्रियांनाही बोलवावे, कारण मजुरीच्या दिवशी पैसे कमी पडले म्हणजे ते कोठून आणावयाचे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

दिवाळीत वहीपूजन अजूनही श्रद्धेने होते. पुजलेली ती वही दर महिन्याच्या अखेरीस उघडून वाचण्याचा परिपाठ या दिवाळीपासून भवानी पेठेतील शंभर कारखान्यांनी जरी घातला, तरी पुढील दिवाळीस त्यांतील पुष्कळांना आपण कोठे उभे आहोत हे कोणाला विचारावे लागणार नाही.