बोट गेले ते नशिबाने नाही

प्रेसवर बोट गेले की वस्तीत पहिला शब्द निघतो, नशीब. कंपनीत निघतो, निष्काळजीपणा. मला दोन्ही सारखेच घातक वाटतात. दोन्हींमुळे यंत्राकडे कोणी बघतच नाही.

चाकण, भोसरी, तळवड्यातून मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग जातात. या उद्योगात जखमी झालेल्या कामगारांशी बोलून 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते. हरियाणात सुरू झालेले तिचे काम आता पुण्याकडेही आहे. अहवाल सांगतो, प्रेसवर जखमी झालेल्यांची सरासरी दोन बोटे गेली आणि अनेकांना ईएसआयचे कार्ड अपघातानंतरच मिळाले. ते कामावर लागताच मिळायला हवे.

वॉर्डात असताना जखमी पोरांकडून मी ऐकायची: सेन्सर बंद होता, डबल ड्युटी चालू होती, सुपरवायझर घाई करत होता. अपघात का झाला हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण आपण पट्टी बांधून म्हणतो, 'आता जपून राहा.' तो हात खिशात लपवून फिरू लागतो आणि त्याच प्रेसवर दुसरा हेल्पर उभा राहतो. संकटातून माणूस घडतो म्हणतात. घडतो, पण त्याचे ऐकून घेणारे कोणी असेल तर.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. थकलेल्या कामगाराला त्यांनी दोष दिला नाही, तास कमी केले. यंत्राच्या धोकादायक भागाला आड घालणे ही तर 1948 च्या कारखाने कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठा. 'घरी लागले' असे कोणी लिहून मागितले तर सही करू नका. कामावरची जखम नोंदली गेली तर उपचाराच्या काळात ईएसआयकडून मजुरीच्या 90 टक्के पैसे मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर त्या प्रमाणात दरमहा, आयुष्यभर. नोकरीचा पहिला दिवस असला तरी हा हक्क आहे. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचे रुग्णालय आहे.

4 मार्चला सुरक्षा दिन असतो. कंपन्यांत शपथ होते, बिल्ले लावतात. त्या दिवशी बोट गमावलेल्या कामगाराला बोलू द्या आणि तो सांगेल ते लिहून घ्या, अशी लेखी मागणी युनियनने करावी. युनियन नसेल तर दहा-बारा जणांनी मिळून करावी. एकट्याने जाऊ नये, एकट्याला ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो.