भाताची मूद आणि भाताची भीती

पूर्वी पाहुण्यांना जेवायला बोलावताना 'कांदा-लसूण चालते ना?' एवढे विचारले की काम भागे. हल्ली 'भात चालतो ना?' असे विचारावे लागते. एकाने पोळी सोडलेली असते, दुसरीने बटाटा, तिसऱ्याने तर केळे आणि आंबासुद्धा. सगळ्यांचा शत्रू एकच, पिष्टमय पदार्थ!

ही टूम नवी नाही. लंडनमधले विल्यम बँटिंग हे गृहस्थ अंत्ययात्रांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून त्यांनी वीसेक किलो वजन उतरवले आणि १८६३ मध्ये त्याची पुस्तिका काढली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी तेच पुन्हा गाजवले.

या मंडळींचे अर्धे म्हणणे मला पटते. आपण धान्य फार खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितले, की दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच धान्यातून यावेत. आपल्याकडे ५० ते ७० टक्के येतात. (आणि एकादशीला 'हलके' म्हणून साबुदाण्याची खिचडी खातो, तो तर जवळजवळ निव्वळ पिष्ट!)

पण प्रमाण कमी करायचे सोडून आपण पदार्थालाच पाप ठरवू लागलो आहोत. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो, त्यात बरेचसे पाणी असते. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, साठा संपला की तेही जाते. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे पिष्ट कमी केले होते, निम्म्यांची चरबी. दोन्ही गटांच्या सरासरी वजनघटीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग उगाच भातावरच राग का?

माझी भाची गणपतीत आमच्याकडे आली होती. दुपारच्या पंगतीत तिने मोदकाला हात लावला नाही. रात्री पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात ओट्याशी उभी राहून थंडगार मोदक खात होती, एकामागून एक. मला पाहून रडू लागली. दुपारी साजूक तूप घालून दोन खाल्ले असते, तर काय बिघडले असते? वजनापेक्षा मला त्या रडण्याची काळजी वाटते. वाढत्या वयाच्या मुली घरात हेच पाहतात आणि शिकतात.

मधुमेहींचे मात्र वेगळे. त्यांनी पिष्ट आवरावेच. पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम बंद केला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये.

आपल्या ताटाची मांडणी आठवा. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मध्ये भाताची लहानशी मूद. आपण मुदीचा डोंगर केला आणि कोशिंबीर बोटभर ठेवली. अर्थात असे भरलेले ताट सगळ्यांच्या नशिबी कधीच नव्हते. भाकरी आणि ठेचा यांवर राबणाऱ्या बाईला 'धान्य कमी खा' कोणत्या तोंडाने सांगणार? रेशनवर तिला मुख्यतः गहू-तांदूळच मिळतात. डाळ, अंडी, भाजी बाजारभावाने घ्यावी लागते. आपल्या घरी तेवढी अडचण नाही. भात निम्मा करा, वरण दाट करा, कोशिंबीर वाटीने वाढा, आणि सगळे एकत्र जेवायला बसा.